खाली शिलाई, वर लोकशाही : धाराशिवकडचे तीन दिवस

संसदेच्या इमारतीचा आकार बघितला की त्या देशाचं राजकारण कळतं, असं मी गेली बावीस वर्षं अकरावीच्या वर्गात सांगत आलेय. समोरासमोर बाकं असली की भांडायची सोय, अर्धगोल असला की जुळवून घ्यायची. मुली ते वहीत उतरवतात, पेपरात लिहितात आणि मी गुण देते. हे वाक्य खरं आहे का, हे मला आजवर कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

जानेवारीत पुण्याच्या एका संस्थेचा फोन आला. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात त्यांना 'आदर्श सभागृह' उभारायचं होतं, म्हणजे गावाची छोटी संसद. ते 'डिझाइन थिंकिंग'च्या पद्धतीनं होणार होतं आणि त्यासाठी राज्यशास्त्राची जाणकार व्यक्ती हवी होती. तीन दिवसांचा प्रवास, राहणं-जेवण त्यांचं. मी हो म्हटलं. खरं कारण सांगते, पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायचा कंटाळा आला होता आणि दिवस हुरड्याचे होते.

सोलापूरहून धाराशिवला जायचं तर एसटीच बरी. सकाळी सातची गाडी धरली तर तुळजापूरमार्गे दोन तासांत पोचता येतं. चौपदरी रस्ता छान आहे आणि बायकांना अर्धं तिकीट. मंगळवार किंवा शुक्रवार मात्र टाळा. तुळजापूरपर्यंत पाय ठेवायला जागा मिळत नाही. मी बुधवारी निघाले, खिडकीशी बसले आणि तामलवाडी येईपर्यंत घरून आणलेल्या दोन दशम्या संपवल्या.

धाराशिवात एका लॉजच्या हॉलमध्ये संस्थेची माणसं भेटली. ऋत्विज हा कार्यशाळा घेणारा, पस्तिशीचा, पांढऱ्या शुभ्र बुटांचा. काळ्या मातीच्या मुलखात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तिथंच झालं. दुसरी तन्वी, वास्तुरचनाकार, कमी बोलणारी, हातात कायम पेन्सिल. तिसरे रेवणसिद्ध, भाड्याच्या गाडीचे चालक, मुरूमचे, पन्नाशी ओलांडलेले. आम्ही हॉलमध्ये बसलो की ते दाराशी खुर्ची टाकून ऐकत.

पहिला अख्खा दिवस भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्यात गेला. आधी लोकांचं मन समजून घ्यायचं, मग प्रश्न मांडायचा, मग कल्पना, मग नमुना, मग चाचणी, अशा पाच पायऱ्या ऋत्विजनं सांगितल्या. पद्धत वाईट नव्हती. पण लोकांचं मन समजून घेण्याची पहिली पायरी आम्ही एसी लावून, दार लोटून, एकाही गावकऱ्याला न भेटता दुपारच्या जेवणाआधी उरकली. ऋत्विजनं एका मोठ्या कागदावर बाईचं चित्र काढलं, तिला एक नाव दिलं, वय चौतीस लिहिलं आणि तिला काय वाटतं हे आम्हा दोघींना चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'तिला बोलू देत नाहीत.' ऋत्विज खूश झाला. एवढ्या स्वस्तात मला आजवर कुणी शाबासकी दिली नव्हती.

मग तन्वीनं नकाशा पसरला. गावातल्या ग्रामपंचायतीच्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर अर्धगोल आसनं, मधे गोल मोकळी जागा आणि समोर बसायला कट्टा, त्याच्या कडेला कुंड्या. अर्धगोल का, हे मी समजावून सांगितलं. वर्गात सांगते तेच. ऋत्विजनं ते जसंच्या तसं नकाशाखालच्या निवेदनात घातलं आणि खाली माझी सही घेतली. आत्ता तळमजल्यावर काय आहे, असं मी विचारलं नाही. नकाशात तिथं कोरे चौकोन होते आणि मला भूक लागली होती.

जेवण मात्र झकास. स्टँडजवळच्या साध्या खानावळीत ज्वारीची भाकरी, काळ्या मसाल्याची शेंगदाण्याची आमटी, वर कच्चा कांदा. ऋत्विजनं भाकरीला चमचा लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी येरमाळ्याच्या बाजूला गेलो. तिकडच्या एका गावानं ग्रामपंचायतीवर सिमेंटचा घुमट चढवला आहे असं ऋत्विजला कुणीतरी कळवलं होतं. गावांची नावं मी या लेखात मुद्दाम लिहीत नाही. तिथं लोकांना वर्षानुवर्षं राहायचं आहे. घुमट खरंच होता, समोर आठ गोल खांबही होते. खांबांच्या मागे एकच खोली, तिला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो कळंबला गेलेला. कट्ट्यावरच्या एका आजोबांना मी विचारलं, सभा कुठं भरते. ते म्हणाले, भरली की कागदावर भरते. ऋत्विज तोवर घुमटाचे फोटो काढत होता. मी येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीचं दर्शन घेऊन आले. हायवेच्या कडेला उसाचा रस चांगला मिळतो, बर्फ नको म्हणून सांगा.

दुपारी उलट फिरून धाराशिव ओलांडलं आणि बेंबळीच्या रस्त्याला लागलो. बेंबळीत चहा आणि गरम भजी झाली. पुढं रस्ता अरुंद आहे, दोन ठिकाणी खडी उखडलेली. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि हरभरा, मधे मधे शेरडांचे कळप. त्याच वाटेवर पुढं ते गाव, जिथं आमचं आदर्श सभागृह होणार होतं.

ग्रामपंचायतीची इमारत बघून मला कळलं की नकाशातले कोरे चौकोन म्हणजे चार दुकानं. सलून, खताचं दुकान, झेरॉक्स आणि टोकाला 'न्यू फॅशन लेडीज टेलर'. सभेची खोली वरच्या मजल्यावर. बाहेरून सिमेंटचा जिना, एकोणीस पायऱ्या, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. सरपंच जिन्याशीच भेटले. मऊ बोलणारे, इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ. त्यांनी सगळ्यांना हार घातले, अगदी रेवणसिद्धांनाही. उद्या अकराला मासिक बैठक, त्यात तुमच्या सभागृहाचा ठराव घेऊन टाकू, असं ते म्हणाले.

ऋत्विज आणि तन्वी मोजमापं घ्यायला वर गेले. भज्यांच्या नादात माझ्या ब्लाउजचा हूक तुटला होता, म्हणून मी टेलरच्या दुकानात शिरले.

मशीनवर चाळिशीची एक बाई बसली होती. डाव्या पायाला गुडघ्यापासून खाली कातडी पट्ट्यांचा आधार, शेजारी भिंतीला टेकवलेली कुबडी. लहानपणीच्या पोलिओनं पाय गेलेला. मशीनला छोटी मोटर बसवलेली, बटण उजव्या पायाशी. नाव शमीम, गावाला शमीमआपा. हूक लावता लावता तिनं मला कुठून आलात, काय करता हे विचारून घेतलं. मी राज्यशास्त्र म्हटल्यावर हसली आणि म्हणाली, मग आपण एकाच धंद्यातल्या, मी पंचायतीची मेंबर आहे.

मला वाटलं ती गंमत करतेय. ती तीन वर्षांपूर्वी निवडून आलेली सदस्य होती. नऊ जणांची पंचायत बरोबर तिच्या डोक्यावर भरत होती. खुर्च्या सरकल्या की तिला वर बैठक सुरू झाल्याचं कळे, पुन्हा सरकल्या की संपल्याचं. मधल्या वेळात शिपाई रजिस्टर घेऊन खाली येई आणि ती सही करी. एकोणीस पायऱ्या ती एकदाच चढली होती, निवडून आल्यावर, बसून बसून, उलटी. गुलाल अंगावर होता म्हणून त्या दिवशी लाज वाटली नाही, असं तिनं सांगितलं. सही केली नाही तर सहा महिन्यांत गैरहजर म्हणून पद जाईल, अशी भीती तिला ग्रामसेवकांनी घातली होती.

"खाली घ्या म्हणालात का कधी?" मी विचारलं.

"म्हणलं की. ते म्हणत्यात, आपा, तुम्हाला तरास नको म्हणून तर रजिस्टर घरपोच देतो."

मी मोठ्या उत्साहानं तिला सांगितलं की काळजी करू नका, आता सभागृह खालीच येणार आहे. पिशवीतून नकाशाची प्रत काढून तिच्या कापायच्या टेबलावर पसरली. तिनं नकाशा फिरवून फिरवून पाहिला. बाहेरचा विजेचा खांब त्यात दाखवला होता. तिनं खांबावर बोट ठेवलं, तिथून टोकाच्या चौकोनापर्यंत सरकवलं आणि विचारलं, हे गोल गोल काय आहे.

ती कुंडी होती. तिच्या मशीनच्या जागी आम्ही कुंडी काढली होती.

"म्हंजी दुकान उठणार," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "उद्याच्या नोटिशीवर म्या सही केली. विषय मागच्या पानावर हायेत म्हणला शिपाई, वाचायची गरज न्हाय."

मी काहीतरी पुटपुटले. आम्हाला कल्पना नव्हती, असं काहीसं. तिनं हुकाचा दोरा दातानं तोडला.

"म्याडम, तुमी शिकवता. जे आमाला दिसत न्हाय ते तुमाला दिसतं म्हणून तर तुमाला बोलवत्यात. मंग चार दुकानं कशी न्हाय दिसली?"

मी सही केली होती एवढंही मला तिला सांगता आलं नाही. तिनं हुकाचे पैसे घेतले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

मग तिनं कोरम म्हणजे नेमके किती, हे विचारलं. नऊपैकी पाच, मी म्हटलं. पाच नसले तर बैठक तहकूब करावी लागते. तिनं ते बोटांवर मोजलं आणि दुसऱ्या ब्लाउजला हात घातला.

लॉजवर परतताना मी ऋत्विजला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, हा फार मौल्यवान 'इनसाइट' आहे. रेवणसिद्धांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, आमच्या मुरूम गावात घर पाडायचं असलं की आधी विचारतात, आत कोण झोपलंय. ऋत्विजला ते फार आवडलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि नकाशा तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी अकराला आम्ही वरच्या खोलीत होतो. थर्माकोलचा नमुना टेबलावर, भिंतीवर थोर पुरुष रांगेनं. सरपंच धरून चारच सदस्य आले होते. बाकीच्यांतला एक लातूरला, एकाचा फोन बंद, दोघींचे नवरे आले होते आणि त्यांची सही चालत नव्हती. एरवी चालत असावी, पण पुण्याचे पाहुणे समोर बसले होते. ग्रामसेवकांनी नेहमीप्रमाणे रजिस्टर खाली पाठवलं. शिपाई ते तसंच कोरं घेऊन वर आला. आपा सही करत न्हाय म्हणत्यात, एवढंच तो बोलला.

सरपंच हसतच उठले. मी त्यांच्या मागोमाग उतरले. दुकानात आपा इस्त्री करत होती. सरपंचांनी समजावलं, गावाचं नाव होईल, पेपरात येईल, आपली एक सही राहिलीय. ती इस्त्री फिरवत राहिली. शेवटी ते म्हणाले, असं करू, चौघं जण तुम्हाला खुर्चीसकट अलगद वर नेतो.

तिनं इस्त्री उभी केली.

"चौघांनी उचलायची वेळ यायला अजून टाइम हाय, सरपंच. म्या जित्ती हाय तवर बैठक खाली आणा. मंग सही घ्या."

सरपंचांचं हसू गेलं. ते रस्त्यावर उभे राहून एकामागून एक फोन लावत राहिले. मी शेजारी उभी होते. ते चिडून बैठक तहकूब करू शकले असते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाची सही मिळवली असती. तिचं दुकान आणि पद दोन्ही एका दमात जायला वेळ लागला नसता. पण पाहुणे संध्याकाळी निघणार होते आणि सरपंचांना ठराव पाहुण्यांसमोरच हवा होता. पंधरा मिनिटांनी त्यांनी वर बघून हाक मारली, खुर्च्या आणा रे खाली.

दहा बाय नऊच्या दुकानात पाच सदस्य आणि ग्रामसेवक बसले, मी दारात. ऋत्विज नमुना घेऊन उतरला. तो दारातून आत जाईना, तेव्हा त्यानं तो तिरका करून आत घेतला आणि कापायच्या टेबलावर ठेवला. आपानं त्याला तो उचलायला सांगितला, खाली गिऱ्हाइकाचं कापड होतं. मग लोकशाहीची ती प्रतिकृती शेजारच्या दुकानाबाहेरच्या खताच्या पोत्यांवर विसावली. बाहेर सलूनवाला, त्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक, मापं द्यायला आलेल्या तीन बायका आणि शेरडं घेऊन चाललेले एक गृहस्थ असे सगळे थांबले. गावाची मासिक बैठक कशी असते, हे त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिलं.

आपानं ठराव मोठ्यानं वाचायला लावला. मग विचारलं, चार दुकानं कुठं जाणार. ग्रामसेवक म्हणाले, स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये. ती म्हणाली, उघड्या शेडमध्ये कोणती बाई ब्लाउजचं माप देईल, तेवढं नाव सांगा. बाहेरच्या बायका हसल्या. ग्रामसेवकांनी घाईनं दुसरा उपाय काढला, गाळे वरच्या मजल्यावर न्यावेत. हे म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःलाच कळलं आणि ते रजिस्टरात बघू लागले.

"नऊ माणसं बसायला किती जागा लागती?" आपानं विचारलं. "सलूनच्या मागं खोली हाय. मोडक्या खुर्च्या, फवारणीचा पंप, मागच्या इलेक्शनचे बॅनर. ती मोकळी करा. ग्रामसभा तशी बी शाळेच्या मैदानातच होती."

तन्वी उठली आणि टेप घेऊन मागं गेली. परत आली तेव्हा तिच्या केसांत जळमट होतं. बारा बाय चौदा आहे, उंबरा आहे पण तो काढता येईल, असं ती म्हणाली. मग कुणी न सांगता तिनं आपाचं मशीन आणि स्टूलही मोजलं, नकाशावर खोडलं आणि लिहिलं. तीन दिवसांत आमच्यापैकी कुणीतरी केलेलं हे पहिलं काम.

ऋत्विजचा प्रश्न एकच होता. त्या खोलीत अर्धगोल बसणार नाही, मग सभागृहाची ओळख काय राहील.

ठराव फेटाळला गेला नाही. पुढच्या बैठकीपर्यंत ठेवला, एवढंच. आपानं सही केली, आधी वरची ओळ बोट ठेवून वाचली आणि मग केली. सरपंच आमच्याशी गोड बोलले, तिच्याशी बोलले नाहीत. निघताना मी तिला सांगितलं की त्या नकाशाखाली माझीही सही आहे. मग ती म्हणाली, मंग काढून घ्या की.

परतीची एसटी चारची. तुळजापुरात कवड्यांच्या माळा बघत जरा हिंडले, काही घेतलं नाही. सात वाजता सोलापुरात घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी संस्थेला पत्र लिहिलं, निवेदनावरून माझं नाव आणि सही काढावी. ऋत्विजचं उत्तर आलं, तुमच्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभार. महिनाभरानं सुंदर छापलेला अहवाल आला. त्यात दुकानातल्या बैठकीचा फोटो आहे, खाली लिहिलंय 'फिरतं सभागृह : एक नवी कल्पना'. आपाचं नाव नाही. माझं आहे. मी पुन्हा पत्र लिहिलं, त्याचंही आभारपत्र आलं. त्यांचं सभागृह आता दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात होतंय म्हणे. तन्वीनं मात्र ती नोकरी सोडली, हे तिनं स्वतः कळवलं.

असल्या प्रवासाला जायचं असेल तर जरूर जा. रस्ते बरे आहेत, जेवण उत्तम आहे. फक्त कुणाच्या पंचायतीत काय कमी आहे हे सांगायला जाऊ नका. मी तेच करायला गेले होते आणि एका बाईला तिच्या दुकानातून उठवून आले असते. आकारावरून राजकारण कळतं हे वाक्य मी यंदा फळ्यावर लिहिलं नाही. त्याऐवजी मुलींना आपापल्या गावच्या, वॉर्डाच्या कार्यालयात जाऊन कोण आत येऊ शकत नाही ते बघून यायला सांगितलं. निम्म्या गेल्याच नाहीत. ज्या गेल्या त्यांनी जे लिहून आणलं ते मी अजून वाचतेय.

मागच्या आठवड्यात आपाला फोन केला. दुकान आहे तिथंच आहे. मागची खोली दोन महिने कुणी मोकळी केली नाही, तिनं खालून सही दिली नाही म्हणून दोन बैठका कोरमअभावी गेल्या, तेव्हा कुठं पंप हलला. आता बैठक तिथं होते. मी विचारलं, सरपंच बोलतात का. ती म्हणाली, बोलत न्हाईत, पण थांबत्यात. तिची शाळा उर्दूतली, ती पण चौथीपर्यंतच. मराठी अक्षर तिला लावून लावून वाचावं लागतं, आणि ठराव आता ती दुसऱ्या कुणाला वाचू देत नाही.

"एका ठरावाला अर्धा तास जातो, म्याडम. समदे बसून राहत्यात."